फाईल मालकाकडे, आयुष्य आपलं

सोलापुरातून बोलतोय. आजचा भाग सुरू करण्याआधी एक छोटं काम करा. फोनची गॅलरी उघडा आणि शोधा, तुमच्या नोकरीचा एक तरी कागद त्यात आहे का? नेमणुकीचं पत्र, पगाराची स्लिप, पीएफचं पासबुक, हजेरीच्या पानाचा फोटो, काहीही चालेल. रील्स सापडतील, लग्नातले फोटो सापडतील, हुरडा पार्टीचे व्हिडिओ सापडतील. नोकरीचा कागद बहुतेकांकडे सापडणार नाही. तो कुठे आहे? मालकाकडे. एचआरकडे. मुनीमजींच्या कपाटात.

आज त्या कपाटाबद्दल बोलायचंय. कर्मचाऱ्याची जी फाईल मालकाकडे असते, तिच्यावर आपला हक्क किती? ती नीट ठेवली नाही, चुकीची ठेवली, किंवा बाहेर फुटली, तर मालकाला शिक्षा काय? आणि त्या शिक्षेचा आपल्याला उपयोग किती?

सुरुवात माझ्या घरापासून करतो, कारण हा विषय मला तिथेच कळला.

माझी आई विड्या वळायची. सोलापूरच्या पूर्व भागात हे नवीन नाही. घरोघरी सूप मांडीवर घेऊन बसलेल्या बायका आपण सगळ्यांनीच पाहिल्यात. पान, तंबाखू आणायचं, घरी विड्या वळायच्या, आणि त्या परत कंपनीच्या ब्रँचमध्ये नेऊन द्यायच्या. मजुरी हजार विड्यांमागे. पसंत न पडलेल्या विड्या तिथे बाजूला काढतात, त्याला छाट म्हणतात. छाट जास्त निघाली की आई घरी आल्यावर कुणाशी बोलायची नाही. आम्ही पोरं समजून जायचो.

डोळ्यांनी साथ सोडल्यावर तिनं काम बंद केलं आणि पीएफ काढायचा अर्ज केला. अर्ज परत आला. कारण? आधारवर सासरचं नाव, ओळखपत्रावर माहेरचं नाव, आणि कंपनीच्या रजिस्टरात तिसरंच काहीतरी. स्पेलिंगही वेगळं, जन्मसालही वेगळं. ब्रँचमध्ये गेलो तर तिथल्या माणसानं सांगितलं, "जुनं रजिस्टर आता नाही." एवढंच वाक्य. पंचवीस वर्षांचं काम आणि त्यावर हे एक वाक्य.

दुरुस्तीच्या अर्जावर कंपनीची सही लागत होती. आठ महिने आम्ही फिरलो. शेवटी काम झालं ते आईच्या बिस्किटाच्या डब्यामुळे. त्या डब्यात तिनं ओळखपत्र, पीएफच्या दोन जुन्या पावत्या आणि कामाचं पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलं होतं. तिला फारसं वाचता येत नाही, पण कागद जपायचा असतो हे तिला माहीत होतं. मी पदवीधर, आणि माझ्या पहिल्या नोकरीची एकही स्लिप माझ्याकडे नाही.

म्हणजे मंडळी, नोंद हा ऑफिसातला कंटाळवाणा विषय नाही. विडी कामगार म्हणून मिळणारा दवाखाना, पोरांची शिष्यवृत्ती, या सगळ्याच्या दारात पहिला प्रश्न असतो, ओळखपत्र आहे का? कुंभारीजवळची गोदूताई परुळेकर वसाहत आठवा. दहा हजार विडी कामगारांची घरं. अशा योजनेत आधी सिद्ध करावं लागतं की मी विडी कामगार आहे. ते सिद्ध करतो तो एक कागद.

आता कायद्याकडे येऊ.

घरी बसून विड्या वळणारी बाई कुणाची कामगार, हा वाद फार जुना आहे. मालक म्हणायचे, आमचा संबंध ठेकेदाराशी, बाई आमच्याकडे कामाला नाहीच, मग रजिस्टर कसलं आणि पीएफ कसला? १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्यानं घरी काम करणाऱ्यांनाही कामगार मानलं. तरी पीएफचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. पी. एम. पटेल अँड सन्स विरुद्ध भारत सरकार, निकाल १९८५ चा. न्यायालयानं सांगितलं, घरी वळणाऱ्याही कर्मचारीच आहेत, त्यांना पीएफ लागू आहे. कारण काय दिलं माहितीये? मालकाला न पटलेली विडी नाकारायचा हक्क आहे. नाकारायचा हक्क म्हणजेच कामावर नियंत्रण.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा थांबलो. ज्या छाटीनं आईला रडवलं, तीच छाट ती कामगार असल्याचा पुरावा ठरली होती.

पण निकाल लागला म्हणून रजिस्टरात नाव आपोआप येत नाही. त्यासाठी रजिस्टर ठेवायची सक्ती लागते, आणि न ठेवणाऱ्याला शिक्षा लागते. ती किती? १९६६ च्या त्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला जास्तीत जास्त २५० रुपये दंड होता. अडीचशे रुपये!

आता नवा कायदा आलाय. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यातली वेतन संहिता म्हणते, मालकानं कामगार, हजेरी, वेतन यांची रजिस्टरं ठेवायची आणि प्रत्येकाला वेतनाची स्लिप द्यायची. दुसरी एक संहिता, सुरक्षा आणि कामाच्या परिस्थितीची, ती म्हणते की दहा किंवा जास्त कामगार असतील तिथे प्रत्येकाला नेमणुकीचं पत्र द्यायचं. छान. आणि रजिस्टर ठेवलंच नाही किंवा वेडंवाकडं ठेवलं तर? दहा हजार रुपयांपर्यंत दंड. पहिल्यांदाचा गुन्हा असेल तर कमाल दंडाच्या निम्मी रक्कम भरून प्रकरण मिटवायचीही सोय आहे.

हा आकडा लक्षात ठेवा, दहा हजार. कारण आता दुसरा आकडा सांगतो.

तुमचा डेटा मालकानं नीट सांभाळला नाही आणि तो फुटला, तर २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात कमाल दंड आहे २५० कोटी रुपये. डेटा फुटला आणि कळवलं नाही तर २०० कोटींपर्यंत. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला अठरा महिन्यांची मुदत दिलीये, म्हणजे मे २०२७ च्या सुमाराला.

आता दोन्ही आकडे शेजारी ठेवा. नोंद फुटली तर २५० कोटींपर्यंत. नोंद ठेवलीच नाही तर दहा हजारांपर्यंत. मोठ्या कंपनीत बसलेल्याला पहिली भीती खरी वाटेल, आणि ती खरी आहेच. पण अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागावर उभ्या असलेल्या माणसाचं खरं नुकसान नोंद फुटल्यानं कमी होतं आणि नोंद नसल्यानं जास्त होतं. शिवाय हा डेटा कायदा फक्त डिजिटल माहितीला लागू आहे. कागदावरची माहिती नंतर स्कॅन केली, कॉम्प्युटरवर चढवली, तरच तो लागू होतो. कारखान्यातलं लाल कापडी पुठ्ठ्याचं हजेरीबुक त्याच्या बाहेरच राहतं.

अजून एक गोष्ट, जी कुणी फारशी सांगत नाही. तो २५० कोटींचा दंड जातो कुठे? भारताच्या एकत्रित निधीत, म्हणजे सरकारी तिजोरीत. तुमचं बँक खातं उघडं पडलं, तुम्ही महिनाभर हेलपाटे घातले, तरी या कायद्यात तुम्हाला भरपाई नाही. सध्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात कलम ४३ए आहे. त्यात कंपनीनं बँकेची माहिती, आरोग्याची माहिती, बोटांचे ठसे अशी संवेदनशील माहिती निष्काळजीपणानं हाताळली आणि त्यामुळे नुकसान झालं, तर ज्याचं नुकसान झालं त्यालाच भरपाई मागता येते. दावा पाच कोटींपर्यंतचा असेल तर तो राज्याच्या आयटी सचिवांपुढे चालतो. पण नवा कायदा पूर्ण लागू झाला की हे कलम जाणार आहे. म्हणजे दंड वाढला आणि आपल्या हातातली भरपाई गेली.

आणि संमतीचं काय? ॲपवर आपण "आय ॲग्री" दाबतो तसं नोकरीत होईलच असं नाही. नोकरीच्या कामासाठी लागणारा डेटा मालक तुमच्या संमतीशिवाय वापरू शकतो, अशी सोय कलम ७ मध्ये आहे. पगार करायचा, पीएफ भरायचा, तर प्रत्येक वेळी सही कशाला, हे पटण्यासारखं आहे. पण मेख पुढे आहे. माझा कोणता डेटा तुमच्याकडे आहे ते दाखवा, चुकलाय तो दुरुस्त करा, हे हक्क कायद्यानं प्रामुख्यानं संमतीनं दिलेल्या डेटाशी जोडलेत. म्हणजे जिथे संमती विचारलीच नाही, तिथे बघायचा हक्कही पातळ होतो. तक्रार करायचा हक्क मात्र राहतो, आणि डेटा सुरक्षित ठेवायची मालकाची जबाबदारीही राहते.

"मग काय करायचं भाऊ, सगळं त्यांच्याच हातात?" असं कुणीतरी आत्ता म्हणत असेल. थांबा. खरी ताकद दंडात नाहीये, दुसरीकडे आहे.

वेतन संहितेचं कलम ५९ बघा. तुम्ही दावा केला की मला पगार दिला नाही, कमी दिला, नको ती कपात केली, तर पैसे दिले होते हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर आहे. तुमच्यावर नाही. आता मालक ते सिद्ध कशानं करणार? रजिस्टरनं. ज्यानं रजिस्टर ठेवलं नाही त्याच्याकडे दाखवायलाच काही नाही. दावा करायला तीन वर्षांची मुदत आहे, आणि बुडवलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार त्या अधिकाऱ्याला आहे. ही भरपाई तुम्हाला मिळते, तिजोरीला नाही. आठ हजार बुडवले असतील तर ऐंशी हजारांपर्यंत जाऊ शकते. आता तो दहा हजारांचा दंड विसरा. न ठेवलेल्या नोंदीची खरी किंमत इथे लागते.

फक्त एक अट आहे. तुम्ही तिथे काम करत होतात, एवढं तरी तुम्हाला दाखवता आलं पाहिजे. आणि ते आईच्या डब्यातून येतं.

पीएफमध्येही तसंच. तुमच्या पगारातून हिस्सा कापला आणि भरलाच नाही, तर जुना कायदा असो की नवी संहिता, किमान एक वर्षाच्या तुरुंगवासाची तरतूद आहे. पण कापला होता हे कशावर दिसणार? पगाराच्या स्लिपवर. भरला नाही हे कशावर दिसणार? पीएफच्या पासबुकात. दोन कागद शेजारी ठेवले की गोष्ट उघडी पडते.

आता नोंद बाहेर जाण्याबद्दल, कारण तेही हलकं घेऊ नका. पगाराची एक्सेल शीट चुकून ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडते. जॉईन होताना दिलेला आधारचा फोटो पाच जणांच्या फोनमध्ये राहतो. मेडिकलचा रिपोर्ट सुपरवायझरच्या टेबलावर उघडा पडतो. "अरे, चुकून झालं" म्हणतात आणि डिलीट करतात. पण ज्यानं वाचायचं त्यानं वाचलेलं असतं.

रिपोर्ट वाचल्यानं काय होतं, याचा एक निकाल आपल्याच मुंबई उच्च न्यायालयाचा आहे, १९९७ चा. एक हंगामी मजूर, सरकारी कंपनीत काम करणारा. वैद्यकीय तपासणीत एचआयव्ही निघाला आणि त्याचं काम गेलं. माणूस तब्येतीनं कामाला सक्षम होता. तो न्यायालयात गेला, पण नाव उघड झालं तर गावात, घरात काय होईल ही भीती. म्हणून न्यायालयानं त्याला टोपणनावानं खटला लढू दिला. आजही तो निकाल "एमएक्स विरुद्ध झेडवाय" असाच छापलेला आहे. न्यायालय म्हणालं, जो काम करू शकतो आणि ज्याच्यापासून कामाच्या जागी इतरांना धोका नाही, त्याला फक्त या कारणानं काढता येणार नाही. वीस वर्षांनी, २०१७ मध्ये, एचआयव्हीचा स्वतंत्र कायदा आला. अशी नोंद ठेवणाऱ्या प्रत्येक आस्थापनेनं ती गुप्त ठेवायची, हे त्यात लिहिलंय.

मुलींनो, तुमच्यासाठी एक खास. कामाच्या जागी लैंगिक छळाची तक्रार केली, तर २०१३ च्या कायद्याच्या कलम १६ नुसार तक्रारदाराचं नाव, पत्ता, चौकशीत काय झालं, हे कुणालाही सांगता येत नाही. ज्याच्याकडे ते प्रकरण सोपवलंय त्यानं फोडलं, तर पाच हजार रुपये वसूल करायची तरतूद आहे. रक्कम छोटी आहे, मान्य. पण "ऑफिसभर होईल म्हणून तक्रार करत नाही" असं वाटत असेल, तर गुप्तता हा तुमचा हक्क आहे, त्यांची मेहरबानी नाही.

आता स्पर्धा परीक्षावाल्यांकडे येतो. तलाठी, झेडपी, पोलीस, सगळ्यांकडे. सरकारी नोकराची फाईल माहिती अधिकारात कुणीही मागू शकतो का? याचा गाजलेला निकाल विदर्भातल्या प्रकरणातून आलाय. गिरीश देशपांडे यांनी २००८ मध्ये अकोल्याच्या पीएफ कार्यालयात काम केलेल्या एका अधिकाऱ्याची माहिती मागितली. मेमो, कारणे दाखवा नोटिसा, शिक्षा, मालमत्ता वगैरे. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, ही कर्मचारी आणि त्याच्या वरिष्ठांमधली बाब आहे, वैयक्तिक माहिती आहे. मोठं जनहित दाखवल्याशिवाय ती मिळणार नाही. आता डेटा कायद्यानं माहिती अधिकारातलं ते कलम आणखी घट्ट केलंय.

यावर माझं मत विचाराल तर मन दोन्हीकडे ओढतं. उद्या तुम्ही तलाठी झालात आणि गावातला एखादा तुमचा मेमो व्हॉट्सॲपवर फिरवू लागला, तर हे संरक्षण हवं वाटेल. पण लाच खाणाऱ्याची फाईलही याच दाराआड बसते. एक मात्र नक्की, दुसऱ्याची फाईल आणि स्वतःची फाईल या वेगळ्या गोष्टी आहेत. २००८ च्या देव दत्त निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सरकारी नोकराच्या गोपनीय अहवालातला प्रत्येक शेरा त्याला कळवलाच पाहिजे. त्या अधिकाऱ्याला शेरा होता "चांगला". बढतीला लागत होता "अतिशय चांगला". वाईट काहीच लिहिलं नव्हतं, म्हणून कुणी कळवलं नाही, आणि बढती गेली. चांगल्या शब्दानंही नुकसान होतं, ते असं.

आता शेवटचं. आज रात्री झोपण्याआधी काय करायचं ते सांगतो. वीस मिनिटं लागतील.

पहिलं, उमंग ॲपवर पीएफचं पासबुक उघडा. प्रत्येक महिन्याची भर दिसते का ते बघा. पीडीएफ काढून ठेवा.

दुसरं, नाव, जन्मतारीख, वडिलांचं नाव आधारशी जुळवा. तुमचा यूएएन १ ऑक्टोबर २०१७ नंतरचा आणि आधारशी जोडलेला असेल, तर जानेवारी २०२५ पासून हे बदल बहुतेक वेळा मालकाच्या सहीशिवाय ऑनलाईन होतात. त्याआधीचा असेल तर आत्ताच, कंपनी सुरू असताना, सही घेऊन टाका. आमच्यासारखं शेवटी धावू नका.

तिसरं, नेमणुकीचं पत्र आणि दर महिन्याची स्लिप मागा. तोंडी नको, मेसेज करून मागा. "सर, मागच्या महिन्याची पगार स्लिप पाठवाल का?" एवढंच. दिली तर कागद मिळाला. नाही दिली तर मागितल्याची नोंद तुमच्याकडे राहिली.

चौथं, आधार देताना मास्क्ड आधार चालेल का ते विचारा, त्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. झेरॉक्स दिलीत तर तिच्यावर कशासाठी दिली ते आणि तारीख लिहा. मूळ मार्कशीट कुणाकडे ठेवायला देऊ नका.

पाचवं, अडलंच तर सोलापुरातच सहायक कामगार आयुक्तांचं कार्यालय आहे, पीएफचं कार्यालय आहे. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. महिलांना आणि औद्योगिक कामगारांना तिथे मोफत मदत मिळते, उत्पन्न कितीही असो. हेल्पलाईन नंबर १५१००.

आणि सहावं, घरातल्या मोठ्यांचे कागद. आई, आजी, काका, यंत्रमागावर असतील, विडीत असतील, गारमेंटमध्ये असतील. त्यांचा डबा उघडा. प्रत्येक कागदाचा फोटो काढा, नावं जुळतात का बघा. त्यांना कंटाळा येईल, "आता काय करायचंय त्याचं" म्हणतील. तरी करा.

परवा मी आईला विचारलं, हे कागद इतकी वर्षं का ठेवलेस? ती म्हणाली, "हिशोब त्यांच्या वहीत होता रे. त्यांची वही मला कोण दाखवणार? म्हणून माझ्याकडे होतं ते ठेवलं."

कलमं मी पुढेही सांगत राहीन, पण आजच्या भागातलं सगळ्यात कामाचं वाक्य हेच आहे. त्यांची वही ते ठेवतील, ठेवायलाच हवी, नाही ठेवली तर कायदा आहे. आपली वही आपण ठेवायची.

हा भाग तुमच्या कामावरच्या ग्रुपवर पाठवा. मालक त्या ग्रुपवर असला तरी चालेल, त्यालाही ऐकू दे. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.